खोक्यातला तंबोरा

सरकारी नोकराला मते असू नयेत, निदान ती त्याने चारचौघांत बोलून दाखवू नयेत, असा आपल्या व्यवसायाचा दंडक आहे. १९६४ सालच्या वर्तणूक नियमांनी तो पक्का केला. पण त्याच नियमांनी एक खिडकीही उघडी ठेवली. लिखाण निव्वळ साहित्यविषयक किंवा कलाविषयक असेल, तर वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीची गरज नाही. या मासिकाचे निम्मे लेखक त्याच खिडकीतून आत आलेले असावेत, असा आमचा कयास आहे. आम्हीही आज तेथूनच डोकावत आहोत. विषय आहे आमच्या घरात शिरलेली गाण्याची नवी यंत्रे, चिरंजीवांच्या रॉक संगीताच्या तबकड्या आणि पडद्यावरचे खेळ. याविषयी आमची मते ठाम आहेत आणि त्यांचा शासकीय धोरणाशी काडीचाही संबंध नाही.

आरंभ सौ.च्या खोक्यापासून करणे रास्त, कारण ते मूळचे याच गावचे. बंगळूरचे नाव आज जगात संगणकामुळे गाजते आहे. परंतु संगणकांची ही झुंबड उडण्यापूर्वी, १९७९ साली, येथे एक लहानसे यंत्र तयार झाले, ज्याचे ऋण निदान गाणाऱ्या माणसांनी तरी विसरू नये. जी. राज नारायण हे स्वतः बासरी वाजविणारे अभियंते. त्यांनी श्रुतीचा अखंड सूर देणारी, विजेवर चालणारी पेटी तयार केली आणि पुढे ‘रॅडेल’ हे नाव गवयांच्या घराघरांत पोहोचले. आरंभी या पेट्यांत विद्युत-मंडलांतून सूर निर्माण केला जाई. नंतर खऱ्या तंबोऱ्याचा नाद मुद्रित करून नखाएवढ्या चिपमध्ये साठविण्याची सोय झाली. त्याच १९७९ साली जपानात सोनी कंपनीचा वॉकमन बाजारात आला. तो ऐकणाऱ्यांसाठी होता म्हणून जगभर गाजला. बंगळूरची पेटी गाणाऱ्यांसाठी होती, आणि गाणाऱ्यांची संख्या सर्वत्र कमीच असते.

सौ.चा मूळ तंबोरा मिरजेचा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हाती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तारा आणि भोपळे आले, आणि तेव्हापासून मिरजेचा तंबोरा हिंदुस्थानभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यासाठी लागणारा मोठा भोपळा पंढरपूरकडच्या शेतांतून येतो, महिनोन्‌महिने वाळतो, आणि मग कारागीर त्याला हात लावतो. ज्या वस्तूच्या घडणीत इतकी सबुरी आहे, ती वस्तू बदलीच्या मालमोटारीत घालणे म्हणजे वयोवृद्ध सासऱ्यांना टपावर बसविण्यासारखे आहे. आमच्या तिसऱ्या बदलीत भोपळ्याला तडा गेला. कोणत्या मुक्कामी कोणी आपटला, याची चौकशी आम्ही केली नाही; चौकशीचे काय होते हे आम्हांला नोकरीमुळे ठाऊक आहे. मिरजेस तो सांधून घेतला, आणि सौ.ने तो सांगलीस आपल्या भावाकडे ठेवला. तेव्हापासून गेली बारा-तेरा वर्षे तिचा रियाज खोक्यावर चालतो. डब्याच्या पिशवीत मावणारे ते खोके भोपाळला चालले, चेन्नईला चालले आणि बंगळूरच्या या सरकारी निवासात माहेरी आल्यासारखे वाजते आहे.

शुद्धतावादी मंडळी या खोक्यावर नाके मुरडतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. तंबोरा लावणे हाच मुळी एक रियाज असे. चार तारा खुंट्यांवर पिळून जुळवायच्या, मणी सरकवून केसभर फरक काढायचा, घोडीवर तारेखाली धागा सारून जवारी खुलवायची. तार बोलू लागेपर्यंत अर्धा तास जाई, पण त्या अर्ध्या तासात कान घासून लख्ख होत. खोक्यावर एक खुंटीसारखी चकती फिरवली की झाले. यात कानाचा अभ्यास गेला हे खरेच. परंतु आम्हांला जाणवलेले नुकसान निराळे आहे, आणि त्याचा उल्लेख आम्ही कोठे वाचला नाही. जुन्या मैफलीत गवयाच्या मागे दोन शिष्य तंबोरे घेऊन बसत. त्यांना तीन तास दुसरे काम नसे. गुरूचा श्वास कोठे तुटतो, समेवर येण्यापूर्वी त्याची मान कशी हलते, एखादी जागा चुकली की तो ती कशी सावरतो, हे सारे पाठीमागून, हातभर अंतरावरून दिसे. ती जागा म्हणजे शिक्षणाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उत्तम शाळा होती. खोके आले आणि ती जागाच रद्द झाली. आपल्या भाषेत बोलायचे तर पदच निरसित झाले.

तरीही आमचे मत खोक्याच्या बाजूचे आहे. परगावी, अनोळखी शेजारात, मुलाची शाळा आणि नवऱ्याच्या बैठका सांभाळून सकाळी साडेपाच वाजता गायला बसणाऱ्या बाईच्या मागे तंबोरा धरायला शिष्य आणायचा कोठून? खोके नसते तर सौ.चे गाणे भोपाळलाच सुटले असते. अशा किती तरी स्त्रियांचे ते सुटले आहे. त्यांची मोजदाद कोणत्याही खात्याकडे नाही.

याउलट, आमच्या मेहुण्यांनी वाढदिवसाला पाठविलेले ‘कारवाँ’ नावाचे यंत्र आम्ही कृतज्ञतापूर्वक कपाटावर ठेवले आहे. २०१७ साली ते प्रथम आले तेव्हा त्यात पाच हजार गाणी भरलेली होती, जुन्या रेडिओसारखे रूप होते आणि आमच्या वयाच्या माणसांना ते पाहताच गहिवरून येत असे. आम्हांलाही आले. पण पाच हजार गाण्यांच्या स्वाधीन झाल्यावर माणसाला स्वतः काहीच करावे लागत नाही, वाटही पाहावी लागत नाही. विविधभारतीवर एक आवडते गाणे लागावे म्हणून आठवडाभर तिष्ठलेल्या कानांना ही श्रीमंती पचत नाही. यावर चिरंजीवांचे म्हणणे असे की, हा पचनशक्तीचा दोष आहे, यंत्राचा नव्हे. असो.

आता चिरंजीव. वय एकवीस, अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष. रस्त्यावर कन्नड, महाविद्यालयात इंग्रजी आणि घरात असे मराठी की ज्यात ‘मला भूक आली’ हे वाक्य सर्रास येते. यांना रॉक संगीताचे वेड आहे, आणि तो दोष आम्ही त्यांना देत नाही, कारण हे वेड या गावच्या पाण्यात आहे. २००३ साली रोलिंग स्टोन्स येथे पॅलेस ग्राउंड्सवर गाऊन गेले. १७ मार्च २००७ रोजी त्याच मैदानावर आयर्न मेडनचा कार्यक्रम झाला. आम्ही तेव्हा पहिल्यांदाच या गावी बदलून आलो होतो. मेखरी सर्कलजवळ आमची गाडी अडकली आणि दोहो बाजूंनी काळे सदरे घातलेल्या तरुणांचे थवेच्या थवे चालू लागले. शेजारी बसलेले सहकारी काच वर घेत म्हणाले, ‘‘मोर्चा दिसतो. वेतनाचा असावा.’’ परंतु मोर्चेकऱ्यांच्या तोंडावर इतका आनंद आम्ही कधी पाहिला नव्हता. मुले ईशान्येतून, केरळातून, मुंबई-पुण्याहून रेल्वेने आली होती असे दुसऱ्या दिवशी कळले. आमचा चिरंजीव त्या वेळी तीन वर्षांचा होता आणि आमच्या मांडीवर झोपला होता. ती संध्याकाळ आपण झोपेत घालवली याचे त्याला आजही वैषम्य वाटते. २०११ च्या ऑक्टोबरात मेटॅलिकाही येथे येऊन गेले. तेव्हा आम्ही चेन्नईला होतो, आणि तोही दोष आमच्याच खात्याच्या माथी आहे, असे तो मानतो.

बाहेरून येणाऱ्यांचेच कौतुक करावे असेही नाही. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा वाद्यवृंद १९९६ पासून याच गावात आपली गाणी स्वतः रचून वाजवीत आला आहे. या गावाला गाणारा माणूस नवा नाही. त्याच्या परवानगीचा प्रश्नही नवा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चर्च स्ट्रीटवर एड शीरन हा जगप्रसिद्ध गायक पदपथावर उभा राहून गात असता एका पोलिसाने शांतपणे येऊन ध्वनिक्षेपकाची तार काढली. परवानगी होती की नव्हती, यावर दोन्ही बाजूंनी खुलासे झाले. फाईल पाहिल्याशिवाय आम्ही मत देणार नाही.

रॉकच्या गोंगाटाविषयी मात्र आमचे मत पुष्कळांना रुचणार नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ढोलताशांच्या पथकांखाली ज्यांचे बालपण गेले, त्यांनी हेवी मेटलच्या आवाजाबद्दल तक्रार करणे शोभत नाही. आमचा आक्षेप आवाजाला नव्हता. गाणे तुकड्यांनी ऐकण्याला होता. एक गाणे अर्धे ऐकावे, अंगठ्याने ढकलावे, दुसऱ्यावर जावे, ही दूरध्वनीवरची रीत आम्हांला खिडकीतून येणाऱ्या लग्नाच्या वरातींसारखी वाटे. म्हणून गेल्या वर्षी चिरंजीवाने उन्हाळी प्रशिक्षणाच्या विद्यावेतनातून जेव्हा तबकडी वाजविण्याचे यंत्र घरी आणले, तेव्हा आम्ही चकितच झालो. आमच्या वडिलांच्या तबकड्या आम्ही कधीच्या रद्दीत दिल्या. नातवाने त्या जुन्या बाजारातून शोधून आणाव्यात, हा काळाचा विनोद आहे.

पहिल्या रात्री त्याने पिंक फ्लॉइडची १९७३ सालची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ लावली. जमिनीवर मांडी घालून बसला. दूरध्वनी दुसऱ्या खोलीत. एक बाजू संपली तेव्हा उठून, कडेला धरून, तबकडी उलटी केली आणि पुन्हा बसला. त्रेचाळीस मिनिटे तो बोलला नाही. गाण्यांचा क्रम ठरविणाऱ्याने काही योजून ठरविला आहे आणि आपण तो मोडायचा नाही, ही अदब होती. विलंबित ख्यालापूर्वी भैरवीची फर्माईश करणाऱ्या श्रोत्यांत आम्ही आयुष्य घालविले आहे. या मुलाला ती अदब आम्ही शिकविलेली नव्हती. तबकडीने शिकविली असावी, कारण ती मध्येच उचलणे कटकटीचे असते.

मग एका रविवारी बीटल्सची १९६६ सालची ‘रिव्हॉल्व्हर’ लागली. आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो. शेवटच्या गाण्याचा आरंभ झाला आणि चिरंजीव स्वयंपाकघराकडे पाहून ओरडला, ‘‘आई, हे तुझे खोके आहे ना?’’

सौ. हात पुसत बाहेर आली. गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले. आरंभी खरोखरच तंबोऱ्याचा नाद होता, आणि पुढे गोऱ्यांच्या त्या सगळ्या गलबल्याखाली तो एकाच षड्जावर ठाण मांडून बसला होता. सौ.ने क्षणभर कान दिला आणि आत जाऊन खोके आणले. पांढरी एकवर चकती नेली, बारीक खुंटीने किंचित वर-खाली केले, आणि दोन तंबोरे एकमेकांत मिसळून गेले. एक लंडनमध्ये वाजवून साठ वर्षे होत आलेला, आणि एक बंगळूरच्या चिपमधला. ‘‘यांना सूर कळतो हो,’’ ती आमच्याकडे वळून म्हणाली. रॉक संगीताविषयी तिने दिलेले हे पहिले आणि आजवरचे एकमेव मत आहे. चिरंजीव मात्र त्या दिवसापासून गिटारीचा सराव करताना खोके मागून नेऊ लागला. तार ओढून सूर नेमका कोठे जातो ते पाठीशी षड्ज असला की लगेच कळते, असे तो सांगतो.

पडद्यावरच्या खेळांविषयी लिहिताना आम्हांला जपून लिहिले पाहिजे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेने कायदा करून बंदी घातली. त्यावर भाष्य करणे वर नमूद केलेल्या खिडकीत बसत नाही. उरलेल्या खेळांविषयी बोलू. हाही उद्योग बंगळूरला परका नाही. ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था १९९७ सालीच येथे असे खेळ घडवू लागली होती. आमच्या पुण्यानेही २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ जगापुढे मांडला. सर्कशीत काम करणारी एक मुलगी राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते, एवढीच कथा. आम्ही चिरंजीवाच्या खुर्चीमागे उभे राहून ती बरीचशी पाहिली आहे.

पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. या खेळांतल्या संगीताला लांबी नसते. खेळणारा दारापाशी घुटमळला तर सुरावट घुटमळते. शत्रू दिसला की तिच्यात ताशा-नगारे येऊन मिळतात. तो पडला की ते ओसरतात. संगीतकाराने तुकडे असे रचून ठेवायचे की केव्हाही थांबता यावे आणि केव्हाही पुढे जाता यावे. आम्हांला संगीत नाटकातले ऑर्गनवाले आठवले. नटाला ‘वन्समोअर’ मिळाला, तो पाणी पिऊन येईपर्यंत सूर धरून ठेवायचा, तो आला की उचलून द्यायचे. ज्या विद्येला आपण संगत म्हणतो, तीच ही. तिची यंत्राकडून अपेक्षा करणारे कोणी आहे, याचे आम्हांला बरे वाटले.

त्याच न्यायाने ‘गिटार हीरो’ हा २००५ सालचा खेळ आम्ही नापास करतो. प्लॅस्टिकची गिटार, तिच्यावर पाच रंगीत बटणे, पडद्यावरून रंगाचे ठिपके येतील तसे दाबायचे. लयीचा हिशेब पक्का होतो, हे मान्य. पण बरोबर दाबले की बक्षीस म्हणून दुसऱ्याचे वादन ऐकू येते. हे म्हणजे शाळेत ओठ हलवून प्रार्थना म्हटल्यासारखे झाले. चिरंजीवही ते खेळणे लवकरच सोडून खऱ्या गिटारीकडे वळला आणि त्याच्या बोटांना घट्टे पडले, तेव्हा आम्ही समाधान पावलो.

आता ज्या यंत्राविषयी आमच्या मनात खरी अढी आहे, ते सांगतो. कानावर घट्ट बसणारे आणि बाहेरचा आवाज मारून टाकणारे हे जे श्रवणयंत्र आहे, त्याची कल्पना १९७८ साली अमर बोस यांना विमानात सुचली. इंजिनाच्या घरघरीत गाणे बुडते म्हणून ते वैतागले, आणि प्रवासातच त्यांनी गणित मांडले. आवाजाची लाट उलटी करून तिच्यावरच सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना अलौकिक आहे आणि बंगळूरच्या वाहतुकीत तिचे उपकार थोर आहेत. सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या माणसाने तिला नावे ठेवू नयेत. पण ती घरात आली आणि आमच्या तीन माणसांच्या घराचे तीन वेगळे सभागृह झाले. हाक मारली तर ऐकू जात नाही. खांद्याला स्पर्श केला तर माणूस दचकतो.

तेवढ्यावर भागले असते. परंतु गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावर नवे शेजारी आले. त्यांची ड्यूटी रात्रीची, झोप सकाळची. तक्रार त्यांनी फार सौजन्याने केली. दुसऱ्या दिवसापासून सौ. खोक्याची तार कानात घालून, दार लावून, दबक्या आवाजात गाऊ लागली. पहिल्या सकाळी आम्ही चहाचा पेला घेऊन दाराबाहेर उभे राहिलो. तिच्या कानात तंबोरा भरून होता. आम्हांला तो ऐकू येत नव्हता. आमच्याकडे येत होता तो नुसता गळा. तोडी होती, आणि स्वर बरोबरच असले पाहिजेत. पण ज्यावर ते उभे होते तेच नाहीसे झाल्यामुळे ते अधांतरी लोंबत होते. तीस वर्षे ज्या आवाजाने आमची सकाळ झाली, तो आवाज एखाद्या परक्या बाईने भिंतीपलीकडे पुटपुटावे तसा वाटला. आम्ही चहा न पिता परत आलो. पुढे ती आठवड्यातून चार दिवस बसू लागली, मग दोन. विचारले तर म्हणे, ‘‘कानात वाजते ना, कंटाळा येतो.’’ त्यावर अर्ज कोणाकडे करावयाचा?

जानेवारीत बदलीचा हुकूम आला. गुवाहाटी. निवृत्तीस अडीच वर्षे उरली असता असा हुकूम का येतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. चिरंजीव येथेच राहणार. त्याला नोकरीही येथेच लागली आहे. सामानाची वाटणी सुरू झाली तेव्हा त्याने तबकड्यांचे यंत्र घेतले, पडद्यांचा पसारा घेतला आणि मग जरा चाचरत म्हणाला, ‘‘आई, खोके मी ठेवून घेऊ का? मला रोज लागते. तुला दूरध्वनीवर तंबोरा उतरवून देतो, हुबेहूब वाजतो.’’

सौ.ने एकदा त्याच्याकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले. ‘‘घे,’’ ती म्हणाली, ‘‘आणि दूरध्वनीवर काही उतरवू नकोस. सांगलीहून मोठा तंबोरा मागवते. तिथे स्वतंत्र बंगला आहे म्हणतात.’’

‘‘अगं, गुवाहाटीपर्यंत? आणि लावणार कोण, धरणार कोण?’’ आम्ही म्हणालो.

‘‘लावीन मी. धरायला तुम्ही आहात की. अहो, अडीच वर्षांनी नाही तरी दुसरे काय करणार आहात?’’

तंबोरा गेल्या आठवड्यात आला. भोपळ्यावरचा सांधा बोटाला लागतो, पण नादाला लागत नाही, असे तिचे म्हणणे. खालच्या शेजाऱ्यांना भेटून आम्ही संध्याकाळी सहा ते सात ही वेळ मागून घेतली आहे. सौ. पुढे बसते, आम्ही मागे. मधले बोट पंचमावर, मग तर्जनीने जोडीच्या दोन तारा आणि शेवटी खर्ज. ओढायचे नाही, आपटायचे नाही, आणि ती गाण्यात कितीही पुढे गेली तरी आपण घाई करायची नाही. ही शेवटची सूचना दर पाच मिनिटांनी मान न वळविता मिळते. परवा चिरंजीव दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या मते आमची लय खोक्याहून वाईट आहे, पण आवाज मोठा येतो. बोटाला उजव्या बाजूने फोड आला आहे; तो गुवाहाटीपर्यंत बरा व्हावा.